टीएमएओ ११.४ आला, आता काय करू?

प्रश्न : वय ५२, राहणार मिरज. मोठ्या भावाची बायपास झाली, म्हणून मीही तपासणीचं पॅकेज करून घेतलं. त्यात ‘टीएमएओ’ (ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड, रक्तातला एक पदार्थ) ११.४ मायक्रोमोल प्रतिलिटर आला आणि पुढे लाल अक्षरात ‘जास्त धोका’. बीपीची गोळी चालू आहे. रोज दोन अंडी, आठवड्यातून दोनदा मटण. तपासणीच्या आदल्या रात्री सुरमई होती. अंडी-मटण बंद करू का? आतडी साफ करायचं औषध घेऊ का?

उत्तर : आतडी साफ करायचं औषध अजिबात घेऊ नका. आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘सुरमई’.

अंड्याच्या बलकातलं कोलीन आणि मटणातलं कार्निटिन आतड्यातल्या काही जिवाणूंना मिळालं की ते त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन हा वायू बनवतात. शिळ्या माशाला जो उग्र वास मारतो, तो याचाच. हा वायू रक्तावाटे यकृतात जातो, तिथे त्याचा टीएमएओ होतो आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. समुद्रातल्या माशाच्या अंगात मात्र टीएमएओ आयताच असतो. रत्नागिरीहून घाट चढून येणारी सुरमई, बांगडा किंवा बाजारातलं सुकट खाल्लं, की रक्तातला आकडा अंडी-मटणापेक्षा कितीतरी पटींनी उसळतो. कृष्णेतल्या रोहू-मरळीत तो फार थोडा असतो. मासे खाणाऱ्यांचं हृदय त्यामुळे बिघडतं असं दिसत नाही, म्हणून सुरमई सोडू नका. फक्त तपासणीआधी नको.

आकड्याला अर्थ नाही असं नाही. क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अँजिओग्राफी झालेल्या ४,००७ जणांची तीन वर्षांची माहिती मांडली. टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या चौथाई लोकांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सर्वांत कमी असलेल्या चौथाईच्या सुमारे अडीच पट निघाला. पण ती माणसं आधीच हृदयाच्या तपासणीला आलेली होती, हे विसरू नका. त्याच अभ्यासात काही जणांना अँटिबायोटिक दिल्यावर टीएमएओ जवळजवळ नाहीसा झाला आणि औषध थांबवल्यावर परत आला. पोट ‘साफ’ करून काही साधत नाही ते यामुळेच.

दोन दिवस समुद्री मासळी आणि सुकट बंद ठेवा, बारा तास उपाशी राहा (पाणी चालेल) आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. महिन्याभरात अँटिबायोटिक झालं असेल, तर तारीख पुढे ढकला. तालमीतली पोरं घेतात तशी कार्निटिनची पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. तिनेही आकडा चढतो. त्याच दिवशी मूत्रपिंडाच्या तपासण्या, म्हणजे क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) जरूर करा. बीपीच्या माणसाचं मूत्रपिंड मंदावलं तर टीएमएओ साचतो. मग दोष ताटाचा नसतो. भावाची बायपास झालेली आहे, त्यामुळे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिक चरबीकण) या तपासण्या आमच्या मते टीएमएओच्या कितीतरी आधी यायला हव्यात. पुन्हाही आकडा दहाच्या वर आला, तर मटण कमी करून पाहा. महिनाभरात फरक दिसू शकतो.

प्रश्न : कऱ्हाडला कलेक्शन सेंटर चालवतो. टीएमएओसाठी रक्त आणि ब्युटिरेटसाठी (आतड्यातले जिवाणू तंतूंपासून बनवतात ते आम्ल) शौचाचा नमुना मुंबईला पाठवतो. ब्युटिरेटचे आकडे एकाच माणसाचे दोन वेळा अगदी वेगळे येतात. चूक कुठे होते?

उत्तर : बहुतेक शौचाच्या डबीत. टीएमएओ टिकाऊ आहे, गोठवलेल्या प्लाझ्मात तो तसाच राहतो. शौचातले जिवाणू मात्र डबीतही जिवंत असतात आणि अन्नातल्या तंतूंचं आंबवणं चालूच ठेवतात. एप्रिलच्या उन्हात डबी दोन तास टेबलावर राहिली तर तिथेच नवं ब्युटिरेट तयार होतं. झाकण सैल असेल तर असलेलं उडून जातं. म्हणून घरून येणाऱ्या पेशंटला बर्फाची पिशवी द्या, वेळ लिहून घ्या आणि नमुना आल्या आल्या उणे २० अंशांवर टाका. पातळ की घट्ट, तेही लिहा; पाणी जास्त असलं की दर ग्रॅमचा आकडा खाली येतो.

रक्त जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत खुणेपर्यंत घ्या, आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये १,५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट जोराने) दहा-पंधरा मिनिटं फिरवा. तुमच्या यंत्रावर आरपीएम (मिनिटाचे फेरे) असेल तर रोटरची त्रिज्या मोजा : १० सेंटिमीटरला साधारण ३,६६० आरपीएम लागतात. प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या थरावर थोडा सोडून द्या. अख्खं रक्त कधीही गोठवू नका, पेशी फुटतात.

एक गोष्ट प्रयोगशाळेला विचारा : मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंच्या वजनावरून मोजणाऱ्या तपासणीत) डी-९ टीएमएओ घालता का? हा नऊ एककांनी जड असलेला जुळा भाऊ प्रत्येक नमुन्यात ठराविक मात्रेत टाकतात. प्लाझ्मातल्या इतर पदार्थांनी खऱ्या टीएमएओचा सिग्नल दाबला, तर याचाही तितकाच दबतो आणि हिशेब बरोबर राहतो. अहवाल नॅनोग्रॅम प्रतिमिलीत आला तर मायक्रोमोल प्रतिलिटरसाठी ७५ ने भागा.

पार्सलमध्ये कोरडा बर्फ असेल तर डबा हवाबंद करू नका, वायू निघायला फट ठेवा.