पफिनला नाणे म्हणावे काय?

प्रश्न : नाण्यांच्या एका प्रदर्शनात १९२९ सालचे ब्राँझचे एक नाणे पाहिले. एका बाजूस मुकुट नसलेल्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूस जाड चोचीचा पक्षी आणि नाव ‘लुंडी’. असा देश आहे काय? हे खरे नाणे की नुसते टोकन?

उत्तर : लुंडी हा देश नव्हे. इंग्लंडमधील डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यासमोर ब्रिस्टल खाडीत असलेले, सुमारे पाच किलोमीटर लांबीचे हे एक चिंचोळे बेट आहे. १९२५ साली मार्टिन कोल्स हार्मन या लंडनच्या धनिकाने ते विकत घेतले आणि बेट आपले म्हणजे तेथील कारभारही आपलाच, अशी भूमिका घेतली. सरकारी टपाल कचेरी बंद झाल्यावर टपालाची ने-आण त्याने स्वतःकडे घेतली आणि १९२९ मध्ये स्वतःची तिकिटेही काढली.

त्याच वर्षी त्याने बर्मिंगहॅमच्या टांकसाळीतून ‘एक पफिन’ आणि ‘अर्धा पफिन’ अशी नाणी प्रत्येकी पन्नास हजार पाडून घेतली. पफिन हा बेटावरचा समुद्रपक्षी. लुंडी हे नावही जुन्या नॉर्स भाषेतील त्याच्याच नावावरून आलेले आहे. मोठ्या नाण्यावर पक्षी उभा आहे, लहानावर त्याचे केवळ डोके. ब्रिटिश पेनीवर जेथे पाचव्या जॉर्जचा चेहरा असे, तेथे हार्मनने स्वतःचा चेहरा कोरवला होता, आणि माझ्या मते सार्वभौमत्वाचा त्याचा खरा दावा याच बाजूवर आहे.

१८७० च्या नाणेविषयक कायद्याने, पैसा म्हणून चालावा असा धातूचा तुकडा खासगीरीत्या काढण्यास बंदी होती. त्यानुसार खटला झाला. लुंडी या न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, हा हार्मनचा बचाव टिकला नाही. त्याला पाच पौंड दंड झाला आणि १९३१ साली वरच्या न्यायालयाने त्याचे अपीलही फेटाळले. म्हणजे पफिन कायदेशीर चलन कधीच नव्हते. परंतु पेनीच्या मोलाने ते बेटावर प्रत्यक्ष चालत होते म्हणूनच तर शिक्षा झाली, त्यामुळे त्याला नुसते टोकन म्हणणे मला पटत नाही.

संग्रहासाठी घेणार असाल तर साल अवश्य पाहावे, कारण १९६५ मध्ये याच नमुन्याची स्मारक नाणी निघाली असून त्यांच्यावर १९६५ हेच साल आहे.