आजी-आजोबा आणि दोन मुलं सोबत असताना सहा दिवसांत अंदमान कसं करावं? बारातांग घ्यावं का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: वडील चौऱ्याहत्तरचे, आईचे गुडघे दुखतात, मुलं सहा आणि अकरा वर्षांची, आणि जायचंय मे महिन्याच्या सुट्टीत. ट्रॅव्हलवाल्याने सहा दिवसांत सेल्युलर जेल, नॉर्थ बे, आणि रॉस, हॅवलॉक, नील, बारातांग ही बेटं असं सगळं कोंबून दिलंय आणि तुम्हाला ते जरा जास्तच वाटतंय. बरोबर वाटतंय. आम्हीही सासूबाईंना आणि शाळकरी पोरांना घेऊन गेलो होतो, म्हणून लिहिते. त्या यादीतून नॉर्थ बे आणि बारातांग खोडा, रॉस जमलं तर करा, आणि उरलेला सगळा वेळ हॅवलॉक-नीलला द्या.

पण आधी तारखा. "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात घामाघूम होऊन, मोठ्या आनंदाने वाचतो. ती साधारण २० मेच्या आसपास येते. त्या दिवशी तुम्ही हॅवलॉकच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत बसला असाल तर आनंद व्हायचा नाही. पाऊस थोडाफार आधीच सुरू होतो, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाण्याखालचं दिसेनासं होतं. म्हणून मुलांची परीक्षा संपली की लगेच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाऊन या. उकडेल, पण समुद्र बहुधा शांत असतो. थांबता येत असेल तर जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात छान. आजी-आजोबांना तर तेव्हाच नेणं बरं. दिवाळीच्या सुट्टीचा मोह मात्र आवरा, ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात वादळांचे महिने.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि ती कोणताही ट्रॅव्हलवाला नीट समजावून सांगत नाही. मुंबई ७३ रेखांशाच्या आसपास, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. वीस अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथला सूर्य मुंबईच्या ऐंशी मिनिटं पुढे धावतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. एप्रिलअखेर तिथे पाचच्या सुमाराला लख्ख उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. डिसेंबरात तर पाचलाच. आपण सुट्टीत नऊला उठून, निवांत नाश्ता करून अकराला बाहेर पडतो. तिथे अकरा म्हणजे डोक्यावर ऊन, आणि दुपारची झोप काढून उठेपर्यंत अंधार. आजी-आजोबा पाचला उठतातच, त्यांच्या वेळापत्रकाला सगळ्यांनी जुळवून घ्या. सहा ते दहा समुद्रावर, मग जेवण आणि झोप, साडेतीनला पुन्हा बाहेर, रात्री नऊला गुडूप.

आता मुक्काम. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग दोन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. (सरकारी नावं आता वेगळी आहेत. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटांवर कुठलंही नाव येऊ शकतं, गोंधळू नका. बोलताना लोक जुनीच नावं घेतात.) शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान गाठण्याचा बेत कुणी आखून दिला तर तो परत पाठवा. समुद्र खराब झाला की बोट रद्द होते, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी दुपारी करा. बांधकाम १८९६ ते १९०६ असं दहा वर्षं चाललं. मधला मनोरा आणि त्याभोवती सात लांबलचक इमारती अशी रचना होती, त्यातल्या तीनच आता उभ्या आहेत. आपल्याकडची बहुतेक माणसं सावरकरांची कोठडी पाहायला जातात. ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे, म्हणजे तुमच्या आईंना जिने चढावे लागतील आणि वर लांब चालावं लागेल. आमच्या सासूबाई कठडा धरून, प्रत्येक वळणावर टेकत चढल्या आणि वर पोचल्यावर बराच वेळ तिथून हलल्याच नाहीत. तेव्हा आईंना "तुम्ही खालीच बसा" असं आधीच सांगू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या, फक्त वेळ हाताशी ठेवा. सावरकर १९११ मध्ये तिथे आले आणि १९२१ मध्ये त्यांना आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांना तिथून हलवलं, एवढं मुलांना सांगून ठेवा. शिवाय भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार कैद्यांची नावं कोरली आहेत, ती अकरा वर्षांच्या मुलाला वाचायला लावा. बंगाल आणि पंजाबातली नावं संपता संपत नाहीत. आपल्या शाळेच्या पुस्तकातून हे फारसं पोचत नाही. तेलाच्या घाण्यासमोर, म्हणजे कोलूसमोर, उभं राहिल्यावर कैद्यांना त्यावर दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढायची सक्ती होती हे कळलं, तेव्हा आमची बडबडी पोरं गप्प झाली होती. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम चांगला असतो, पण पहाटेच्या विमानाने आलेला सहा वर्षांचा मुलगा त्यात हमखास झोपतो. आजोबांबरोबर एकाने बसावं, बाकीच्यांनी हॉटेलवर जावं.

बोटीचं सांगते. हॅवलॉकला दीड ते अडीच तास लागतात. खासगी बोटी बंदिस्त आणि वातानुकूलित असतात, बाहेर उभं राहता येतंच असं नाही. सरकारी बोट हळू जाते आणि स्वस्त असते, पण तिची तिकिटं मिळवणं हे वेगळंच काम. ज्येष्ठांसाठी खासगी बोट घ्या, सकाळची घ्या, आणि जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर मध्यभागी. पोटात हलकं काहीतरी हवं, उपाशीपोटी मळमळ वाढते. उलटीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना इथेच विचारून जा, विशेषतः वडिलांना रक्तदाबाचं औषध चालू असेल तर.

हॅवलॉकची बहुतेक हॉटेलं गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर आहेत. फोटोत "समुद्रासमोर" दिसतं ते खरंच असतं, पण ओहोटीला तिथलं पाणी लांबवर मागे सरतं आणि खडक उघडे पडतात. पोहण्याचं सुख तिथे नाही. ते राधानगरला. पश्चिमेची, लांबच लांब, पिठासारखी मऊ पांढरी पुळण, मागे महुआची उंच झाडं, सावलीला बाकं. आजी-आजोबांना तिथे साडेतीनला नेऊन बसवलं की सूर्यास्तापर्यंत ते काही मागत नाहीत. धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर आहे, रिक्षा परतीची ठरवूनच जा, अंधारात तिथे वाहन शोधायला लागलात तर मुलं रडकुंडीला येतील. पोहण्यासाठी आखून दिलेल्या जागेबाहेर जाऊ नका. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये राधानगरच्याच परिसरात एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीने जीव घेतला होता. घाबरून समुद्रात उतरायचंच नाही असं नाही. पाटी लावली असेल तिथे ऐकायचं, जीवरक्षक शिटी मारेल तेव्हा बाहेर यायचं.

मुलांना एलिफंट बीचला न्या. जेट्टीवरून स्पीडबोट जाते. मात्र आजी-आजोबांना नेऊ नका: डुलत्या बोटीत पाय टाकायचा, तिकडे गुडघाभर पाण्यात उतरायचं, आणि सावलीत बसायला धड जागा मिळेलच असं नाही. स्नॉर्केलिंगमध्ये गाईड रबरी कड्याला धरून मुलांना फिरवतो, पोहता येत नसलं तरी चालतं. पाण्याखाली बघायचे भाड्याचे मुखवटे (मास्क) मोठ्यांच्या मापाचे असतात आणि लहान तोंडावर बसत नाहीत, पाणी आत शिरलं की पोरगं पुन्हा तोंड खाली घालत नाही. मुंबई-पुण्यातून लहान मापाचा एक मुखवटा विकत घेऊन जा. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडेही घ्या, पाण्यात पाठ भाजल्याचं कळत नाही. आणि जाहिरातीतल्या फोटोंसारखे रंगीत प्रवाळ दिसतील अशी आशा मुलांना लावू नका. समुद्राचं पाणी तापून २०१० मध्ये आणि नंतर पुन्हा तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. मासे मात्र अजूनही डोळ्यांचं पारणं फेडतात.

स्कूबा दहा वर्षांखाली नाही, त्यामुळे धाकटा वाद घालणार, तयारीत राहा. मोठ्याला करायचं असेल तर हॅवलॉकलाच करा, म्हणजे त्यानंतर विमानापर्यंत चोवीस तासांहून जास्त वेळ मिळतो. डुबकीनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं असतं, म्हणून तेवढा वेळ जाऊ द्यावा.

तुमच्या कुटुंबासाठी माझं आवडतं बेट नील. हॅवलॉकला एक दिवस कमी पडला तरी चालेल, नील गाळू नका. सपाट, शांत, रिक्षाने एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मिनिटं. बंगाली निर्वासितांनी वसवलेली गावं आहेत आणि नावं सगळी रामायणातली: रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. वडिलांना हे ऐकून बरं वाटेल. भाजीपाला तिथेच पिकतो, त्यामुळे शाकाहारी जेवण हॅवलॉकपेक्षा ताजं मिळालं. हिंदी सगळ्यांना येते. भरतपूर किनारा धक्क्याला लागूनच आहे, तिथून काचेच्या तळाच्या बोटीतून आजीसुद्धा प्रवाळ बघू शकतात. फक्त भरती-ओहोटीची वेळ हॉटेलवाल्याला विचारा, ओहोटीला त्या बोटी थांबतात. कोकणातल्या लोकांना अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सांगायला नको, पण पंचांगातल्या मुंबईच्या वेळा तिथे लागू पडत नाहीत. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल मात्र ओहोटीलाच बघायचा असतो. वाट निसरड्या खडकांची आहे, आईंना नेऊ नका. त्यांना लक्ष्मणपूरच्याच एक नंबरच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या किनाऱ्यावर, नारळपाणी देऊन बसवा.

आता बारातांग. पोर्ट ब्लेअरहून साधारण शंभर किलोमीटर. पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमेपर्यंत थांबायचं, मग जंगलातून ताफ्यातच पुढे जायचं, खाडी ओलांडायची, पुन्हा छोटी बोट, पुन्हा चाल, तेव्हा चुनखडीच्या गुहा. खारफुटीतून जाणारी बोट सुंदर आहे हे मान्य. पण चौऱ्याहत्तरीच्या माणसाला आणि सहा वर्षांच्या मुलाला हा दिवस झेपणार नाही, आणि सहातला एक पूर्ण दिवस त्यात जाईल.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ते जेमतेम काहीशे लोक आहेत. तिथे थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि तरीही गाडीतले लोक काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करत असतात. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याचं चित्रण बाहेर आलं तेव्हा जगभर छीथू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच राखीव भागातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. गुहा आपल्याकडेही आहेत. माणसं बघायला जायचं आणि मुलांना तेच शिकवायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, पण कार्यक्रमात फुकट मिळतंय म्हणून जाऊ नका.

नॉर्थ बे खोडायला सांगितलं कारण तिथलं सगळं हॅवलॉक-नीलला अधिक चांगलं मिळतं. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरचं दृश्य तिथल्याच दीपगृहाचं होतं, ती नोट घरी असेल तर मुलांना दाखवा आणि काम भागवा. रॉस मात्र शेवटच्या दिवशी विमान दुपारचं असेल तर करा. पंधरा मिनिटांची बोट, इंग्रजांच्या चर्चचे आणि बंगल्यांचे अवशेष झाडांच्या मुळांनी गिळलेले, आणि आजूबाजूला बिनधास्त फिरणारी हरणं. चढ आहे, पण बॅटरीची गाडी मिळते.

बाकी किरकोळ. वडिलांची सगळी औषधं दुप्पट घ्या आणि अर्धी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे, बेटांवर प्राथमिक सोय. रोख पैसे जवळ ठेवा. संध्याकाळी पुळणीवर वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज दुसऱ्या दिवशी सुटते, पायांना खोबरेल तेल चोपडून जा. मुलं शंख-शिंपले गोळा करतील; ते तिथेच परत ठेवायला लावा, प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. बोटीच्या तिकिटावरचं प्रत्येकाचं नाव, मुलांचंसुद्धा, आधारकार्डावर आहे तसंच लिहा आणि मूळ कार्डं सोबत ठेवा.