२६ व्या चालीला ७४, २७ व्यालाही ७४

प्रिय ताई,
मी घणसोलीत राहते, नववीत आहे. रोज चार तास बुद्धिबळाला देते. क्लास, पझल्स आणि रात्री अंथरुणात मोबाईलवर ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव. तरी वर्षभर रेटिंग १६४० च्या आसपासच आहे. परवा ठाण्यातल्या स्पर्धेत (प्रत्येकाला ९० मिनिटं, दर चालीला ३० सेकंद वाढीव) १४४० रेटिंगच्या ११ वर्षांच्या मुलाकडून हरले. एका डावात ३० गुण गेले! आई म्हणते, दहावी तोंडावर आलीय, आता बंद कर. बाबा म्हणतात, नागपूरच्या दिव्या देशमुखकडे बघ. हरलेल्या डावाच्या कागदाचा फोटो पाठवतेय.
– अडलेलं प्यादं

अडलेल्या प्याद्या,

पत्रापेक्षा तुझा कागदच मी जास्त वेळ बघत बसले. मला बुद्धिबळ येतं ते घोडा अडीच घरं चालतो एवढंच. पण तू चालींच्या बाजूला उरलेली मिनिटं लिहिली आहेस, आणि बेरीज-वजाबाकी मला येते. २७ व्या चालीला तुझा वजीर गेला. तेव्हा घड्याळात ७४ मिनिटं होती. वाढीव सेकंद धरले तर तोवरच्या सगळ्या चाली तू जेमतेम अर्ध्या तासात उरकल्यास. आणि २६ व्या चालीसमोरही ७४ च लिहिलंय. म्हणजे वजीर घालवणारी चाल तू त्या वाढीव ३० सेकंदांतच खेळून टाकलीस. अगं, बिस्किटाचा पुडा निवडायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो!

मेहनतीत तू कमी पडत नाहीस. पण रोज रात्री तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून हाताला डोक्याच्या आधी धावायची सवय लागलीय, आणि तोच हात तू ठाण्याला घेऊन गेलीस. दोन महिने ब्लिट्झ बंद. रात्री दहानंतर मोबाईल आईच्या उशाशी. निम्मं भांडण तिथेच मिटेल, कारण आईचा राग बुद्धिबळावर कमी आणि पांघरुणातल्या त्या उजेडावर जास्त असावा, असा माझा संशय आहे.

त्या वेळात हरलेला डाव पटावर मांड. चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, ते इंजिन, लगेच लावू नकोस. ते चूक दाखवेल, पण ती चाल करताना तुझ्या मनात काय चाललं होतं हे त्याला कुठून कळणार? ते तूच पेन्सिलीने लिहायचं, खोटं न लिहिता. ‘कंटाळा आला होता’ असं असेल तर तसंच. मग इंजिन. आणि स्पर्धेत चाल सुचली की हात सरळ मांडीखाली घाल. लोक हसले तर हसू देत.

चूक कुणाला चुकली नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत शेवटच्या, चौदाव्या डावात चीनचा डिंग लिरेन आणि आपला गुकेश साडेसहा-साडेसहा गुणांवर होते. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती भलत्याच घरात नेला. गुकेशने आधी हत्ती, मग उंट मारामारीत काढले आणि उरलेल्या प्याद्यांवर जगज्जेतेपद घेतलं.

त्या ३० गुणांचं एवढं मनावर घेऊ नकोस. बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडे एका गुणकाने ठरवते, एका डावात किती गुण जाणार-येणार ते. तुझ्या वयाला तो गुणक ४० असतो. बाबांच्या वयाच्या, तुझ्याच रेटिंगच्या नेहमीच्या खेळाडूला तो २०, म्हणजे तोच डाव हरून त्याचे १५ च गेले असते. पण तू २०० ने वरच्या कुणाला हरवलंस तर तुझ्या खात्यात ३० जमा होतील, बाबांच्या वयाच्या त्या खेळाडूने हरवलं तर त्याच्या खात्यात १५ च.

बाबांना माझा निरोप सांग. दिव्या देशमुखने २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती. तुमची लेक नववीत आहे, आणि ती दिव्या नाही, तुमची लेक आहे. दहावीच्या वर्षी चाराचे दोन तास करा, स्पर्धा सुट्ट्यांत ठेवा. यावर आईशी तह होईल.

आणि तो ११ वर्षांचा मुलगा पुन्हा भेटला तर त्याला खुशाल विचार, तुझी २६ वी चाल झाली तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते. त्या वयाची पोरं सगळं सांगून टाकतात. मला पुढचा कागद पाठवशील तो हरलेल्या डावाचाच पाठव. आणि मिनिटं लिहायला विसरू नकोस.

– ताई