तिसरीच्या चाचणीत जे दिसत नाही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा आकड्यांसाठी आणि एकदा तुझ्यासाठी. आकड्यांचं नवल वाटलं नाही. तुझा सूर मात्र खटकला. बालवाडी असलेल्या आणि नसलेल्या गावांतली मुलं तिसरीत वाचन-गणिताला सारखीच निघाली, म्हणजे सगळं मुसळ केरात, असं तू म्हणतेस. अहवाल पाठवण्याआधी चार दिवस थांब.

ही बरोबरी जुनीच आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटीत १९६२ साली पेरी प्रीस्कूलचा प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं घेतली. त्यातली काही बालवाडीत आली, बाकीची नुसती तुलनेसाठी. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक भराभर वाढला, आणि प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांत तो फरक जवळजवळ पुसलाही गेला. तिथंच वह्या मिटल्या असत्या तर त्यांनीही तुझ्यासारखंच पत्र लिहिलं असतं. पण त्यांनी मुलांचा माग सोडला नाही. ती चाळिशीला आली तेव्हा पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले बालवाडीवाल्यांत ३६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के. कमाईतही बालवाडीवाले पुढे होते. (हे आकडे गावच्या सभेत मात्र सांगत सुटू नकोस. ती शहरातली मुलं होती, संख्येनं थोडी, आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जायच्या. तुझ्या बालवाडीत काय होतं, ते तुलाच ठाऊक.)

त्याहून मला उरुग्वेचा अभ्यास जवळचा वाटतो. तिथं एकाच घरातली भावंडं ताडून पाहिली, एक बालवाडीत गेलेलं, दुसरं न गेलेलं. आईबाप तेच, घर तेच. लहान वयात दोघांत फार अंतर नव्हतं. पंधराव्या वर्षी मात्र बालवाडीत गेलेलं मूल सरासरी ०.८ वर्षं जास्त शिकलेलं होतं. फरक मिटला तर नाहीच, उलट वयाबरोबर वाढत गेला, कारण दुसरं भावंड वाटेत शाळेतून गळालं.

गळणं कुठं सुरू होतं? मी ते पहिलीच्या पहिल्या आठवड्यात पाहिलंय. एका मुलाला लघवीला जायचं होतं. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, विचारलं तर चालतं का, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. ते पाय आवळून बसलं, मग बसल्या जागी झाली, मागची दोघं हसली. दुसऱ्या दिवशी मूल आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच्याच शेजारी बालवाडीतून आलेली एक मुलगी होती, अक्षरओळख त्याच्याइतकीच, म्हणजे नाहीच. पण ती उठली, बाईंजवळ जाऊन उभी राहिली आणि करंगळी दाखवली. एवढाच फरक. चाचणीत त्याला एकही गुण नाही. पण वर्षाच्या शेवटी पटावर दोघांचीही नावं असली, तरी हजेरी एकीचीच होती.

ग्रामीण भागात हे जास्त महाग पडतं. बरेचदा वर्ग एकत्र असतात, शिक्षक एक किंवा दोन, गैरहजर मुलाच्या घरी जायला त्यांना वेळ नसतो. घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी. बालवाडी नसली की चार वर्षांचं पोर मोठ्या बहिणीबरोबर पहिलीत येऊन बसतं, काही न कळता वर्ष काढतं आणि पुढल्या वर्षी तिथंच बसतं. नाहीतर त्या पोराला सांभाळायला बहीणच घरी राहते. मोझांबिकमध्ये गाझा प्रांतातल्या खेड्यांत चिठ्ठ्या टाकून ३० ठिकाणी बालवाड्या काढल्या होत्या. त्या अभ्यासात हेच पुढं आलं: मुलं वेळेवर पहिलीत जाऊ लागली, घरातली मोठी भावंडं शाळेत दिसू लागली आणि मोठ्यांना कामासाठी वेळ मिळाला. तू फक्त तिसरीतल्या मुलांची चाचणी घेतलीस. त्यांच्या मोठ्या बहिणींचं काय झालं, ते विचारलंच नाहीस!

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणशील बाई बालवाडीच्या भक्त आहेत. बालवाडीनं नुकसानही होऊ शकतं. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याच्या पूर्वप्राथमिक वर्गांमध्ये जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून सोडत काढली होती. सहावीपर्यंत पाठपुरावा करून २०२२ मध्ये निकाल छापले. ज्यांना जागा मिळाली ती मुलं गुणांत मागं होती आणि वर्तनाच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या. नेमकं कशानं, यावर वाद चालू आहे. माझा संशय मात्र ठाम आहे: खेळाच्या जागी पाठांतर आलं की असं होतं. ती चूक मी स्वतः केलेली आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी बालवाड्यांची तपासणी करायचे. एका ठिकाणी तीस मुलं रांगेत बसून एक ते शंभर खडाखडा म्हणायची. मी शेरा लिहिला, "अत्युत्तम". शेजारच्या गावात मुलं मातीत पाणी ओतून कालवे काढत होती, दोघींचं भांड्यावरून भांडण चाललं होतं आणि शिक्षिका ते सोडवत नव्हती, नुसती जवळ बसून "मग आता काय करायचं?" एवढंच विचारत होती. तिथं मी लिहिलं, "शिस्तीचा अभाव". पुढल्या खेपेला गेले तर कालवे बंद आणि शंभरपर्यंतची रांग सुरू. माझ्या एका शेऱ्यानं ते झालं. तो कागद अजून आठवतो.

म्हणून तुझ्या अहवालात बालवाडी "होती" किंवा "नव्हती" असा एकच रकाना ठेवू नकोस. रोज किती वेळ मोठं माणूस मुलांशी बोलत होतं, ते लिही. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांच्या अभ्यासात यातल्या काहींना अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि दीड वर्षात भाषा-गणित दोन्ही सुधारलं. पोषण, नोंदी, वजनं हे सगळं एकाच बाईच्या गळ्यात असेल तर मुलांच्या वाट्याला काय उरणार?

अंतराचंही बघ. तीन वर्षांचं मूल दोन किलोमीटर चालत नाही, आणि रोज कडेवर घेऊन जायला कुणी रिकामं नसतं. त्यामुळे गावात बालवाडी असली तरी लांबच्या वस्तीला ती नसल्यातच जमा. पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. मुलं बालवाडीकडे येईनात तेव्हा त्या बालवाडीच घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. तुझ्या तुलनेलाही हे अंतर उपयोगी पडेल. जी मुलं बालवाडीत आली ती बहुधा जवळ राहणारी आणि जागरूक घरांतली. तेव्हा आली-न आली अशी तुलना फसवी. वस्तीपासून बालवाडी किती लांब, यावर गट पाड, म्हणजे आईबापांच्या हौसेचा भाग थोडा तरी बाजूला पडेल. पूर्ण नाही पडणार, तसं स्पष्ट लिही.

आणि शाळेचंही लिही. बालवाडीतून आलेल्या मुलाला पहिलीत पुन्हा वर्षभर तेच गिरवायला लावलं, तर बाकीची मुलं त्याला गाठणारच. मग त्याला बालवाडीचा परिणाम विरला म्हणायचं, की शाळेनं तो वाया घालवला म्हणायचं? तुझ्या आकड्यांत हा प्रश्न दडलेला आहे. तिसरीच्या वर्गात जाऊन एक अख्खा दिवस मागं बस, चाचणीचे कागद न घेता.

कामाचं सांगते. निधी बंद झाला तर होऊ दे, यादी हरवू देऊ नकोस. मुलाचं नाव, जन्मसाल, वस्ती, बालवाडीत किती महिने, पहिलीत कोणत्या वयात. दर वर्षी एकदा शाळेत जाऊन हजेरीपत्रकाशी ती ताडून पाहा: कोण आहे, कोण नाही, कोण एक वर्ष मागं पडलं. दोन दिवसांचं काम आहे. सातवी-आठवीपर्यंत हे केलंस तर तुझ्याजवळ जे असेल ते फार थोड्यांकडे असतं.

पत्राच्या शेवटी तू त्या चार वर्षांच्या मुलीचं लिहिलंस, दोन महिने एक शब्द बोलली नाही म्हणून. तिच्या घरची बोली बालवाडीतल्या कुणाला येते का, ते आधी पाहा. येत नसेल तर तिच्या आजीला आठवड्यातून एक सकाळ तिथं नेऊन बसव. काय झालं ते कळव. मला त्या अहवालापेक्षा याचीच उत्सुकता आहे.

तुझी,
बाई