पोशाखाचे प्रश्न: कट-आउटची खिडकी कुठे असावी?

प्रश्न: डिसेंबरमध्ये निपाणीला माझ्या मामेबहिणीचे लग्न आहे. स्वागत समारंभासाठी मी गडद हिरव्या क्रेपचा तयार गाऊन घेतला असून त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना कट-आउट, म्हणजे कापड कापून मुद्दाम ठेवलेल्या उघड्या खिडक्या, आहेत. आई म्हणते की हे हल्लीचे खूळ आजोळच्या माणसांसमोर शोभणार नाही. मला गाऊन परत करायचा नाही आणि आईला दुखवायचेही नाही. काय करावे?
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: हे खूळ हल्लीचे नाही, एवढे आईंना जरूर सांगा. १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये आंद्रे कुरेज आणि पिएर कार्दां या फॅशन डिझायनरांनी असे खिडक्या कापलेले पोशाख लोकांपुढे आणले होते, आणि पाठीवर थेंबाच्या आकाराची खिडकी ठेवून वर नाडी बांधायचा ब्लाउज तर आपल्या गल्लीतला शिंपीही शिवतो. मात्र एवढ्याने आईंची शंका फिटणार नाही, कारण ती फॅशनविषयी नसून प्रसंगाविषयी आहे.

लग्नघरात आपण उभे राहून फक्त फोटो काढून घेत नाही. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतो, अक्षता टाकायला हात वर नेतो, ओटी भरायला किंवा पंगतीला खाली बसतो. गाऊन घालून या तिन्ही हालचाली आरशासमोर करून पाहा आणि त्या वेळी आईंना शेजारी उभे करा. वाकताना कड अंगापासून सुटून आतले दिसते का, हात वर नेला की खिडकी छातीकडे सरकते का, आणि बसल्यावर खालच्या कडेवर कमरेची वळी येते का, हे पाहायचे आहे. ही शेवटची अडचण सडपातळ मुलींनाही येते. तिचा दोष शरीराकडे नसतो, खिडकी नेमक्या कमरेच्या घडीवर कापलेली असते. खालची कड कमररेषेच्या निदान इंचभर वर, म्हणजे बरगड्यांखालच्या सपाट भागावर असेल, तर बसल्यावरही ती जागची हलत नाही. तयार कपड्यात खिडकी वर सरकवता येत नाही, पण खालून तेवढाच भाग त्याच रंगाच्या क्रेपने भरून घेता येतो आणि कुशल हाताने केलेली ही दुरुस्ती ओळखूही येत नाही.

उरलेल्या जागी आतून अंगाच्या रंगाची, थोडी ताणणारी जाळी लावून घेतली, तर आईंचा निम्मा आक्षेप निघून जाईल. जाळीचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. तुकडा दारात आणून दिवसाच्या उजेडात कमरेवरच धरून पाहा, कारण चेहऱ्याचा आणि कमरेचा रंग सहसा एक नसतो. आतल्या कपड्याची पट्टी खिडकीतून डोकावणे ही मात्र सर्वांत मोठी चूक आहे, तेव्हा अस्तरातच कप्स शिवून घ्यावेत. एका पोशाखात उघडी जागा एकच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे: बाजू उघड्या असतील तर गळा बंद आणि बाह्या लांब ठेवाव्यात, आणि कमरपट्टा घालण्याचा मोह टाळावा. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या थंड संध्याकाळी शाल जवळ बाळगणे तसेही शहाणपणाचे असते. जेवणाच्या वेळी ती खांद्यावरून पुढे घेतली की कोणाला काही विचारायचे कारण उरत नाही.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, वय ४७. इरकलीवर घालायला खणाच्या ब्लाउजला मागे गोल खिडकी ठेवावी असे वाटते. वयाला शोभेल का?
एक वाचक, खानापूर

उत्तर: वयाचा प्रश्न मी बाजूला ठेवते, कापडाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण विणताना नक्षीसाठी जादा धागे घातलेले असतात आणि ते उलट्या बाजूला सुटे राहतात. त्यात गोल कापला की ते धागे तुटतात आणि कड उसवू लागते. शिवाय खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे कातरी चुकली तर दुसरा तुकडा निघणे कठीण.

म्हणून खण कापूच नये असे मी सुचवीन. खणाचे काठ विणीतच पक्के असतात. पाठीचे दोन भाग असे बेतावेत की दोन्ही काठ मधोमध समोरासमोर येतील, त्यांच्यात वर तीन इंच आणि खाली निमुळती होत जाणारी उभी फट राहील, आणि मानेपाशी नाडीने दोन्ही भाग बांधले जातील. कातरलेली कडच नसल्यामुळे उसवण्याची भीती राहत नाही आणि खिडकीला काठाची आयती चौकट मिळते. फटीचे खालचे टोक आतल्या कपड्याच्या पट्टीच्या दोन बोटे वर थांबवा, म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनालाही तो ब्लाउज निःसंकोच घालता येईल. इरकलीचा पदर आधीच ठसठशीत असतो, तेव्हा नाडीला लटकन लावू नये.

प्रश्न: मी घरी शिवणकाम करते. गोल कट-आउटची कड माझ्याकडून नेहमी चुणते किंवा फुगते. कुठे चुकत असेल?
एक वाचक, चिकोडी

उत्तर: वर्तुळाची कड चार ठिकाणी उभ्या-आडव्या धाग्यावर येते आणि त्यांच्या मधल्या चार ठिकाणी उरेबवर, म्हणजे धाग्यांना तिरकी. उरेबचा भाग हाताळताना ताणला जातो आणि तिथेच फुगतो. आधी भोक कापून मग कड दुमडण्याची सवय असेल तर ती सोडा. कापडाच्या सुलट बाजूवर अस्तर ठेवा, अस्तराच्या मागे त्या भागापुरते फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे, कापडाला ताठपणा देणारे अस्तर) चिकटवा, आखलेल्या रेषेवर बारीक टीप मारा आणि त्यानंतरच आतून पाव इंच सोडून कापा. उरलेल्या पाव इंचाला टिपेच्या अगदी जवळपर्यंत छोटे काप द्या, अस्तर आत उलटवा, अस्तराच्या बाजूने दाबटीप घाला आणि इस्त्री सरकवण्याऐवजी उचलून उचलून दाबा. थेंबाच्या आकारात टोकाशी एक काप नेमका टिपेपर्यंत गेला नाही, तर ते टोक कधीच सपाट बसत नाही.