दुसऱ्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक लढाईवर जाण्याआधीच का मरत? पोरं बेफिकीर होती म्हणून?

नाही. ‘कोवळी पोरं, बेफिकीर, म्हणून गेली’ हे ऐकलं की मला राहवत नाही. एकच अपघात नीट बघा.

११ डिसेंबर १९४१, सकाळी साडेअकराचा सुमार, इंग्लंडमधलं लिंकनशर. क्रॅनवेल या हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावरचा १९ वर्षांचा प्रशिक्षणार्थी ऑक्सफर्ड हे दोन इंजिनांचं सरावाचं विमान उडवत होता. वर कॅनडाच्या ४१२ स्क्वॉड्रनची (हवाई दलाची तुकडी) स्पिटफायर ही एकाच वैमानिकाची लढाऊ विमानं सराव आटोपून परतत होती. ढगांत फट दिसली तशी ती तिच्यातून खाली आली. त्यातल्या एकात जॉन मगी, तोही १९चाच. जमिनीपासून सुमारे १४०० फुटांवर टक्कर झाली. दोघंही गेले.

यात बेफिकिरी कुठे? स्पिटफायरचं लांब नाक आणि पंख नेमकं पुढचं-खालचं झाकतात, म्हणजे उतरताना जिकडे जायचं तिकडचंच दिसत नाही. ऑक्सफर्डमध्ये डोक्यावर केबिनचं छत. दुसरं विमान दिसल्यापासून ते ओळखून, धोका कळून, आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साधारण १२ सेकंद जातात. ढगाखाली तेवढे मिळतातच कुठे?

आणि पॅराशूट? आधी काचेचं छत मागे सरकवायचं, ऑक्सिजनची नळी आणि रेडिओची तार सोडवायची, पट्टे काढायचे, मग बाहेर. १४०० फूट म्हणजे सव्वाचारशे मीटर. ताशी ३०० किलोमीटरने सरळ खाली येणारं विमान ते पाच सेकंदांत संपवतं. एका शेतकऱ्याने मगीला छताशी झटताना आणि मग उभं राहून उडी मारताना पाहिलं. पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरली नव्हती.

मगीची ‘हाय फ्लाइट’ ही कविता जगभर पाठ आहे, म्हणून त्याचं नाव राहिलं. ऑक्सफर्डमधल्या पोराची आठवण निघालीच तर ‘शिकाऊ होता ना’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. मला हे अन्यायाचं वाटतं. अपघाताची हकिगत वाचताना आधी ढग किती खाली होते, कोण कुठल्या उंचीवर होतं ते बघा. वय मागाहून.

मगीला मात्र जूनमध्येच ‘पंख’, म्हणजे वैमानिक झाल्याचा बिल्ला, मिळाले होते, तेव्हा तो काटेकोरपणे शिकाऊ नव्हता. शिवाय परवानगी नसताना झाडांच्या शेंड्यांवरून विमान नेऊन जीव गमावलेलेही होते, ते मी नाकारत नाही.