अंध विद्यार्थ्यांसाठी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) वापरायला शिक्षकांना कसं शिकवावं? दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरेल का?

नाही पुरत. आणि नुसते दिवस वाढवूनही काही होणार नाही.

मी परभणी जिल्ह्यात विशेष शिक्षक आहे, शाळा फिरतो. एका शाळेत सातवीला पूर्ण अंध मुलगी होती. तिथल्या जुन्या संगणकावर पेनड्राइव्हवरून एनव्हीडीए नावाचं असं सॉफ्टवेअर चालू करून दिलं. फुकट आहे, दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 साली सुरू केलेलं. त्यातला ईस्पीक नावाचा यांत्रिक मराठी आवाज रुक्ष आहे, पण लेकरांना सवय होते. पोरगी बाणाच्या कळा दाबत धडे ऐकायला लागली. तिच्या शिक्षकांचं तालुक्याला प्रशिक्षणही झालं. प्रोजेक्टर, चहा, सह्या, फोटो.

मग घटक चाचणी आली. इतिहासाचा पेपर शाळेतल्याच एका सरांनी टाइप केलेला. मुलीनं फाइल उघडली तर मशीन काहीतरी इंग्रजीत बरळायला लागलं. "सर, हे काय बोलूलालंय?" एकेक अक्षर ऐकलं: ई, जे, के, बी, ओ, के, एम, के. शब्द होता 'मराठवाडा'. मुक्तिसंग्रामावरचा प्रश्न! पेपर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये होता. त्यात डोळ्यांना मराठी दिसतं, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि स्क्रीन रीडर आतलं वाचतो.

मी म्हटलं, युनिकोडमध्ये करून द्या, म्हणजे आतही मराठीच अक्षरं राहतील. सर म्हणाले, "एका पोरीसाठी सगळ्या शाळेचा फाँट बदलायचा का? तुम्ही वाचून दाखवा की." दाखवला वाचून. मग मशीन कशाला बसवलं? वर म्हणे, हात बसलाय, आता नवा कळफलक कोण शिकणार. अहो, रेमिंग्टनचाच, म्हणजे जुना टाइपरायटरचाच कळफलक ठेवून युनिकोड टाइप होतं! जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर आहेत, नंतर जोडाक्षरं तेवढी तपासायची. स्टाफरूममध्ये सांगितलं, शिक्षण परिषदेत सांगितलं. पुढच्या चाचणीला त्यांनी छापील पेपरचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकला. फोटोत मशीनला वाचायला अक्षरंच नसतात, म्हणजे आता इंग्रजी बरळणंसुद्धा बंद.

म्हणून प्रशिक्षणात स्लाइड दाखवू नका. प्रत्येकानं मागच्या चाचणीची स्वतःची फाइल आणायची. मॉनिटर बंद, माउस काढलेला, कानाला हेडफोन, आणि सोडवा आपलाच पेपर. मुख्याध्यापक आणि पेपर टाइप करणारा जो कोणी असेल तो, हे दोघं पहिल्या बाकावर. आयटी शिक्षक नाही आला तरी चालेल. याला एक दिवस बास. दुसरा दिवस महिन्याभरानं ठेवा, त्यांच्याच शाळेत, ते लेकरू समोर बसवून. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17मध्ये मोफत साहाय्यक उपकरणंही आहेत आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही आहे. आपल्याकडं उत्साह फक्त वाटपाला, कारण तिथं हार असतात.

हे सगळं पूर्ण अंध मुलांपुरतं. अल्पदृष्टी किंवा कर्णबधिर लेकरांची गरज वेगळी, त्यांच्या शिक्षकांना यात कोंबू नका. आणि स्क्रीन रीडर आला म्हणून ब्रेल सोडू नका, नुसतं ऐकून शुद्धलेखन येत नाही. आमचे सर नेमकं हेच माझ्यावर उलटवायचे, "तिला ब्रेल येतं ना?" येतं की. पण पेपर ब्रेलमध्ये तरी कधी दिलात तुम्ही?